होचौ, १९२८: हुई, हान, तिबेटी आणि मा घराणी

प्रश्न असा आहे: १९२८-२९ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात हुई मुसलमान उठले, हान आणि तिबेटी वस्त्यांत कत्तली झाल्या, उलट बाजूनं मुसलमानांचे मोहल्ले जाळले गेले. हे धर्मयुद्ध होतं का? आणि असेल तर पाच-सहा वर्षांतच त्याच हुई सैनिकांनी शिनजियांगमधल्या काशगरमध्ये तुर्की बोलणाऱ्या मुसलमान उइघुरांवर तलवार का चालवली?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं मात्र सावकाश सांगावं लागेल. चीनच्या वायव्य सरहद्दीचा इतिहास इतकी वर्षं शिकवताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. त्या मुलखात फौज उभी राहायची ती जमातीतून. सरदार आपल्या गावची, आपल्या मशिदीची, आपल्या सोयऱ्याधायऱ्यांची पोरं घेऊन लढायचा. तिबेटी मठ आपल्या टोळ्या बोलवायचा. हान जमीनदार आपल्या गढीतली माणसं बाहेर काढायचा. त्यामुळे भांडण सारावसुलीचं असो की लोकरीवरच्या जकातीचं, मैदानात समोरासमोर यायच्या त्या जमाती. एकदा गाव जळलं की सूड घेणारा मूळ भांडण विचारत बसत नाही.

आधी मुलूख डोळ्यांपुढे आणा. गान्सूची राजधानी लान्चौ, तिच्या पश्चिमेला पीत नदी तिबेटच्या पठारावरून खाली उतरते आणि शीनिंगकडून येणारी ह्वांगश्वे तिला मिळते. खालच्या मातकट खोऱ्यांत शेती, वरच्या कुरणांत याक आणि मेंढ्या. शेती हान आणि हुईंची, कुरणं तिबेटी आणि मंगोलांची, असं सोपं चित्र काढता येतं, पण ते टिकत नाही. हुई म्हणजे चिनी बोलणारे सुन्नी मुसलमान. होचौच्या (आजचं लिनशिया) पूर्वेच्या डोंगरांत दोंगश्यांग राहतात. ते मुसलमान, पण त्यांची बोली मंगोल कुळातली. शुनह्वाचे सालार मुसलमान, बोली तुर्की. ह्वालोंग भागात कालिगांगचे लोक तिबेटी बोलतात आणि नमाज पढतात. 'तू' नावाचे लोक मंगोल कुळातली बोली बोलतात आणि लामांच्या मठात जातात. अशा ठिकाणी 'मुसलमान विरुद्ध बौद्ध' किंवा 'चिनी विरुद्ध परके' ही रेघ कुठून ओढायची?

ती रेघ ओढली गेली १८६२ ते १८७३ या काळात, मोठ्या मुसलमान उठावात. हा उठाव मोडायला पेकिंगच्या दरबारानं त्सो त्सुंगतांग या सेनापतीला पाठवलं. त्यानं चिन्जिबाओला जहरिया सूफी पंथाचा प्रमुख मा ह्वालोंग याला १८७१ मध्ये ठार मारलं, सुचौला शहर घेतल्यावर कत्तल केली. होचौला मात्र निराळंच घडलं. तिथला पुढारी मा जानआओ हा खुफिया पंथाचा अहोंग, म्हणजे मशिदीतला धर्मगुरू. १८७२च्या सुरुवातीला तायत्सिसजवळ त्यानं त्सोच्या फौजेचा सपाटून पराभव केला आणि जिंकल्या जिंकल्या शरणागती पत्करली. हरल्यावर शरण गेलो तर मान जाईल, जिंकून शरण गेलो तर भाव मिळेल, हा त्याचा हिशेब होता. आपला मुलगा त्यानं त्सोच्या छावणीत पाठवला. पुढे मा आनल्यांग म्हणून प्रसिद्ध झालेला सरदार तो हाच. त्सोनं होचौच्या मुसलमानांना जागेवर राहू दिलं आणि त्यांच्याच घोडेस्वारांना शीनिंगच्या मुसलमानांवर पाठवलं. काट्यानं काटा काढला.

पुढची पंचाहत्तर वर्षं या मुलखावर ज्या 'मा' घराण्यांनी राज्य केलं, ती सगळी या एका सौद्यातून निघाली. मा जानआओचा मुलगा मा आनल्यांग. त्याचा साथीदार मा छियानलिंग; त्याचे मुलगे मा फुलू आणि मा फुश्यांग, नातू मा होंगबिन आणि मा होंगक्वे, जे निंगश्यात बसले. दुसरा साथीदार मा हाययान. त्याचे मुलगे मा ची आणि मा लिन, नातू मा बुफांग, ज्यांनी शीनिंग धरलं. सगळ्यांची मुळं होचौची. १८९५ मध्ये शुनह्वाच्या सालारांत जुनी शिकवण आणि नवी शिकवण असा वाद पेटला, सरकारी अधिकाऱ्यांनी तो बेदरकारपणे हाताळला आणि त्याचं बंड झालं, तेव्हा ते चिरडायला मा आनल्यांग आणि मा हाययान पुढे होते. १९०० मध्ये परकीय फौजा पेकिंगवर चालून आल्या तेव्हा हेच गान्सूचे घोडेस्वार दरबारासाठी लढले. मा फुलू तिथेच पडला. १९११ मध्ये क्रांती झाली तर मा आनल्यांग मांचू बादशाहीच्या बाजूनं शान्शीच्या क्रांतिकारकांशी लढला आणि बादशहानं गादी सोडल्यावर प्रजासत्ताकाचा शिपाई झाला. त्याची निष्ठा इस्लामला होती की पेकिंगला, हा प्रश्न त्याला विचारला असता तर त्याला तो बहुधा कळलाच नसता. होचौ आपल्या हातात राहावं, एवढं त्याला पक्कं कळत होतं.

मुसलमानांतल्या मुसलमानांत काय चाललं होतं, तेही पाहायला हवं. लिनतानला मा छिशी नावाच्या विद्वानानं शिदाओतांग हा पंथ काढला. चिनी भाषेतले इस्लामी ग्रंथ शिकवायचे, सगळ्यांनी एका कुटुंबासारखं राहायचं, मिळून शेती-व्यापार करायचा, अशी ती रीत. त्याचे काफिले तिबेटी कुरणांत खोलवर जात. १९१४ मध्ये 'पांढरा लांडगा' या टोपणनावाच्या बंडखोराच्या टोळ्या गान्सूत शिरल्या, तेव्हा त्यांच्याशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून मा आनल्यांगच्या सैनिकांनी मा छिशीला आणि त्याच्या माणसांना ठार केलं. दुसरं उदाहरण मा वानफूचं. हा दोंगश्यांग माणूस मक्केत शिकून आला आणि कबरींची पूजा, सूफी पीरांची मिरासदारी यांच्याविरुद्ध बोलू लागला. मा आनल्यांगला तो नकोसा झाला. तो शिनजियांगला गेला, तिथे पकडला गेला, आणि त्याला बांधून परत आणत असताना मा चीनं वाटेत सोडवून शीनिंगला नेलं. मा चीला धर्मसुधारणेचं वेड होतं असं मी म्हणणार नाही. सूफी घराण्यांची दानं, जमिनी आणि मुरीद (शिष्य) या तिन्हींवर त्याचा डोळा होता, आणि त्यांना शह द्यायला हा मौलवी त्याच्या कामाचा होता.

आता पैशाकडे येऊ, कारण तो बाजूला ठेवला तर काहीच उलगडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून कुरणांवरची लोकर तिएन्जिन बंदरातून परदेशी जाऊ लागली. गालिच्यांसाठी तिला मोठी मागणी होती. तिबेटी मेंढपाळ लोकर घेऊन दांगर (ह्वांगयुआन), शीनिंग, लाब्रांग या बाजारांत उतरे. तिथे त्याची गाठ पडे ती शियेजियाशी. हा माणूस एकाच वेळी अडत्या, दुभाष्या, सावकार आणि उतारशाळेचा मालक. शियेजिया हान असत, हुईही असत. पण कुरणात जाऊन राहणारे, तिबेटी अस्खलित बोलणारे, क्वचित तिबेटी बायको केलेले बरेचसे हुई. लोकरीचे गठ्ठे मग पीत नदीवरून फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवर बाओतोकडे सुटत. या धंद्यात हुई आणि तिबेटी एकमेकांवाचून जगू शकत नव्हते. उद्या पुन्हा लोकर घ्यायची असेल तर आज मेंढपाळाला अगदीच नागवून चालत नाही. जकात वसूल करायला बंदुका घेऊन शिपाई आले, तिथे हा हिशेब संपला.

लाब्रांगचं प्रकरण याच जातीचं. १७०९ मध्ये स्थापन झालेला हा मठ आम्दोतला, म्हणजे तिबेटी मुलखाच्या ईशान्य भागातला, सर्वांत मोठ्या मठांपैकी एक. त्याच्या हाताखाली कित्येक लहान मठ आणि टोळ्या. १९१६ मध्ये मठाचे प्रमुख लामा, चौथे जामयांग झेपा, वारले आणि मठाच्या कारभाऱ्यांत फूट पडली. एका बाजूनं मदतीसाठी शीनिंगच्या मा चीकडे पाहिलं. तो आला तो राहायलाच. त्याच्या निंगहाय सेनेनं ठाणं मांडलं, जकातनाकी बसवली, टोळ्यांवर कर लादले. त्यांचे पुढचे अवतार मानले गेलेले पाचवे जामयांग खाममधल्या (पूर्व तिबेटी मुलखातल्या) लिथांगचे. त्यांच्यासोबत आलेल्या त्यांच्या घराण्यानं हा पसारा मान्य केला नाही. त्यांचे थोरले बंधू आपा आलो (चिनी नाव ह्वांग चंगचिंग) यांच्याकडे मुत्सद्देगिरी आणि बंदूक दोन्ही होती. १९२४-२५ मध्ये टोळ्या आणि मा चीची फौज यांच्यात रक्तपात झाला. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ रॉक त्या सुमारास तिथे होता. मुसलमान ठाण्यावर टांगलेली तिबेट्यांची मुंडकी त्यानं पाहिली आणि लिहून ठेवली.

या तिबेट्यांना सोडवलं कुणी? १९२५ पासून गान्सूत शिरलेल्या फंग युश्यांगच्या फौजेनं. फंग म्हणजे चीनमध्ये 'ख्रिस्ती सेनापती' म्हणून गाजलेला माणूस. त्याच्या लान्चौच्या कारभाराला मा चीचे पंख छाटायचे होते, लाब्रांगला मा चीची फौज घालवायची होती. सोय जुळली. १९२७ मध्ये करार झाला, मा चीचं ठाणं उठलं आणि १९२८ मध्ये लाब्रांगभोवती शियाहे हा वेगळा जिल्हा गान्सूखाली निघाला. बौद्ध मठ, ख्रिस्ती सेनापती, मुसलमान प्रतिस्पर्धी: धर्माच्या चष्म्यातून यातलं काय दिसतं ते तुम्हीच पाहा.

या फंगमुळेच १९२८ घडलं. गान्सू त्याला हवा होता तो पूर्वेकडच्या लढायांचा खर्च भागवायला. धान्य, घोडे, अफूवरचा कर, पुढच्या वर्षांचा आगाऊ सारा, आणि सक्तीची भरती. मुलूख आधीच खचलेला. डिसेंबर १९२० मध्ये हाययुआनच्या भूकंपात दोन लाखांवर माणसं गाडली गेली होती. मे १९२७ मध्ये गुलांगला दुसरा मोठा भूकंप झाला. १९२८ पासून पावसानं तोंड फिरवलं. त्यात फंगचा गान्सूतला सुभेदार ल्यू युफन यानं मुसलमान सरदारांचे जुने हक्क मोडायला घेतले. हान शेतकरीही या वसुलीत तितकाच भरडला जात होता. पण त्याच्यामागे उभी करायला तयार फौज नव्हती. हुईंमागे होती.

तिचा झेंडा उचलला मा चुंगयिंगनं. मा हाययानच्या भावाचा नातू, म्हणजे मा बुफांगचा भाऊबंद. वय अठराच्या आतबाहेर. लोक त्याला 'गा सिलिंग', छोटा सेनापती, म्हणत. १९२८च्या वसंतात तो शीनिंगहून थोडे साथीदार घेऊन निघाला, होचौपर्यंत येता येता त्याच्यामागे हजारो माणसं जमली. त्यानं त्या वर्षात होचौला तीनदा वेढा घातला आणि तिन्ही वेळा तटबंदी पडली नाही. होचौचे मुसलमान तटाच्या बाहेर, दक्षिण वेशीपलीकडे 'बाफांग' नावाच्या आठ मोहल्ल्यांत राहत. शीनिंगलाही तसंच, मुसलमान वस्ती पूर्वेच्या उपनगरात. वेढा घालणाऱ्याला हे मोहल्ले आडोसा देतात, म्हणून होचौतला फंगचा सेनापती चाओ शिपिंग यानं बाफांग पेटवून दिलं. मशिदी, वखारी, घरं, सगळं गेलं. बंडाशी देणंघेणं नसलेला दुकानदारही त्या रात्रीनंतर बंडखोर झाला, आणि जो झाला नाही त्यालाही समोरचे तसंच समजू लागले. माझ्या मते या संघर्षाचा सांधा इथे बदलला. तोपर्यंत तो कर आणि भरतीविरुद्धचा उठाव होता. बाफांगनंतर माणूस कुठल्या मोहल्ल्यातला, एवढंच पाहिलं जाऊ लागलं.

पुढची वर्णनं सविस्तर देत नाही. मा चुंगयिंगच्या टोळ्या तिबेटी भागातून, ह्वांगश्वेच्या खोऱ्यातून, पुढे वाळवंटाच्या कडेनं धावल्या. फेब्रुवारी १९२९ मध्ये दांगर या लोकरीच्या पेठेत त्यांनी कत्तल केली, त्याच वर्षी मिन्चिनलाही. दक्षिणेला चोने हा तिबेटी मठ जाळला गेला. तिथे कांग्युर आणि तेंग्युर हे तिबेटी बौद्ध धर्मग्रंथांचे संग्रह छापायचे लाकडी ठसे होते, पिढ्यान्पिढ्या जपलेले. तेही राख झाले. योगायोग असा की रॉकनं थोड्याच वर्षांपूर्वी त्या ठशांवरून छापलेला पूर्ण संच, तीनशेहून जास्त पोथ्या, विकत घेऊन अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाला पाठवला होता. म्हणून आज चोनेची प्रत वॉशिंग्टनमध्ये वाचायला मिळते. चोनेचा राजा फंगच्या बाजूनं होता. त्यामुळे तिबेटी टोळ्यांनी मुसलमान गावांवर उगवलेला सूडही याच हिशेबात धरायला हवा. बऱ्याच लेखनात तो तळटीपेतही येत नाही.

या सगळ्यात बाकीचे मा काय करत होते? मा ची शीनिंगमध्ये बसून फंगशी गोड बोलत होता आणि आपल्या भाऊबंदाला ना पकडत होता ना उघड मदत करत होता. मा फुश्यांग नान्किंगच्या केंद्र सरकारात वजन वाढवत होता. १९२९च्या आरंभी गान्सू तोडून छिंगहाय आणि निंगश्या हे नवे प्रांत झाले. छिंगहायचा पहिला राज्यपाल फंगचा माणूस होता. पण फंगला पूर्वेच्या लढाईसाठी फौजा काढून न्याव्या लागल्या, आणि प्रांत अलगद मा चीच्या ओंजळीत पडला. १९३१ मध्ये तो वारला, मग भाऊ मा लिन, आणि १९३८ पासून मुलगा मा बुफांग. ज्या उठावानं होचौ बेचिराख झालं, त्याचं फळ वेढ्यापासून दूर राहिलेल्यांना मिळालं. मा चुंगयिंगला तर या नात्यातल्यांनीच पश्चिमेकडे हुसकलं.

आता काशगर. शिनजियांगचा राज्यपाल चिन शुरन हाही होचौकडचाच, पण हान. १९३० मध्ये शिनजियांगच्या पूर्व टोकाच्या हामीचा उइघुर खान वारला तेव्हा त्यानं ती जुनी खानशाही बरखास्त केली आणि तिथल्या लागवडीच्या जमिनी गान्सूतून आलेल्या हान निर्वासितांना दिल्या. हे निर्वासित होचौची लढाई आणि दुष्काळ यांतूनच पळालेले होते. एका सरहद्दीवरची आग अशी शेकडो कोस चालत दुसऱ्या सरहद्दीवर पोचली. १९३१ मध्ये हामी उठलं आणि उइघुर पुढाऱ्यांनी मदतीला बोलावलं ते मा चुंगयिंगला. तो आला, जखमी होऊन परतला, १९३३ मध्ये पुन्हा आला. पण उइघुरांना चिनी अंमलच नको होता, तर मा चुंगयिंगला त्या अंमलातला सुभा हवा होता; त्याच्या डोक्यावर नान्किंगचा अधिकृत हुद्दाही होता. नोव्हेंबर १९३३ मध्ये काशगरला पूर्व तुर्कस्तानचं इस्लामी प्रजासत्ताक जाहीर झालं, आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये ते बुडवलं ते हुई सैनिकांनी. शिनजियांगची राजधानी उरुमची, तिच्यासमोर त्यांना सोव्हिएत विमानांनी आणि फौजेनं मोडलं होतं. मागे हटत हटत ते काशगरला आले आणि कत्तल करून शहर नान्किंगच्या नावानं धरलं. त्याच वर्षी जुलैमध्ये मा चुंगयिंग सोव्हिएत हद्दीत गेला आणि इतिहासातून नाहीसा झाला. त्याचा मेहुणा मा हुशान खोतानला १९३७ पर्यंत टिकला, मग हिंदुस्थानात पळाला.

म्हणून 'मुसलमान बंडखोर' हा एकच शब्द होचौ आणि काशगर दोन्हींना लावला की गफलत होते. उइघुरांच्या नजरेत हुई शिपाई चिनीच होता. होचौच्या हानांच्या नजरेत तो चिनी नव्हताच. आणि लाब्रांगच्या मेंढपाळाला तो दोन प्रकारे ठाऊक होता: बाजारात दर शरदात भेटणारा अडत्या म्हणून आणि कुरणात जकात मागायला आलेला घोडेस्वार म्हणून. मेंढपाळ त्यांच्यात फरक करत असे. बाहेरून लिहिणारे करत नाहीत.

मा बुफांगच्या काळातली एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना जवळची वाटेल. १९३५ मध्ये शीनिंगजवळच्या ताक्त्सर गावात जन्मलेला मुलगा चौदावा दलाई लामा म्हणून ओळखला गेला, तेव्हा ते गाव मा बुफांगच्या हद्दीत होतं. त्या घरात तिबेटी नव्हे, शीनिंगची मोडकीतोडकी चिनी बोलली जायची, असं स्वतः दलाई लामांनीच सांगितलं आहे. मुलाला ल्हासाला जाऊ द्यायला मा बुफांगनं आधी एक लाख चिनी डॉलर घेतले, मग आणखी तीन लाखांसाठी अडवून धरलं. ती दुसरी रक्कम उभी केली मुसलमान व्यापाऱ्यांनी. ते ल्हासा आणि हिंदुस्थानमार्गे मक्केच्या यात्रेला निघाले होते; त्यांनी पैसे इथे भरले, तिबेट सरकारनं ते पुढे फेडायचे असा व्यवहार ठरला. १९३९च्या उन्हाळ्यात तो मुलगा याच यात्रेकरूंच्या काफिल्यासोबत निघाला आणि ऑक्टोबरमध्ये ल्हासाला पोचला. खंडणी घेणारा मुसलमान, ती उसनी देणारेही मुसलमान. एकाकडे फौज होती, दुसऱ्यांकडे ल्हासाच्या बाजारातली पत.

तुम्ही या विषयावर पुढे वाचणार असाल तर साधनांबद्दल दोन शब्द. रॉक आणि मिशनरी यांनी डोळ्यांनी पाहून लिहिलं, म्हणून ते मोलाचं आहे. पण रॉक चोनेच्या राजाचा पाहुणा होता आणि मुसलमान शिपायांबद्दलचा त्याचा तिटकारा पानोपानी दिसतो. १९४९ नंतर कम्युनिस्ट चीनच्या राजकीय सल्लागार परिषदेच्या समित्यांनी म्हाताऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या आठवणी जमवल्या. तपशिलांची ती खाण आहे, मात्र तोवर मा बुफांग सौदी अरबस्तानात पळालेला शत्रू ठरला होता आणि १९३६-३७ मध्ये त्याच्या फौजांनी कम्युनिस्टांची पश्चिम तुकडी नष्ट केल्याचा राग ताजा होता. त्यामुळे तिथे प्रत्येक पाप त्याच्या खात्यावर जातं आणि फंगच्या सेनापतींचं बरंचसं माफ होतं. होचौच्या वेढ्यांबद्दल वाचताना आधी बाफांगच्या आगीचं पान काढा. लेखकानं ती कुणाच्या नावावर टाकली आहे आणि कत्तलींच्या आधी सांगितली आहे की नंतर, यावरून तो कुणाच्या छावणीत बसून लिहितो आहे ते लगेच कळतं.